मिशिगनच्या स्टेट पार्कांत एकट्याने रस्टिक कॅम्पिंग: कोणत्या क्रमाने काय करायचं

रात्री साडेदहाला गाडीच्या हेडलाइटच्या उजेडात कुणीतरी टेंटच्या पोलशी झटतंय, डास तोडतायत, आणि उघड्या डिकीत कूलरही उघडाच आहे. मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात, अप्पर पेनिन्सुलात, हे दृश्य मला दर उन्हाळ्यात दिसतं. बहुतेक वेळा त्या माणसाकडे सामान उत्तम असतं, फक्त कामांचा क्रम चुकलेला असतो. दोघं-तिघं असली की चूक सावरता येते, एक जण टॉर्च धरतो आणि दुसरा खुंट्या ठोकतो. एकट्याला तसं करता येत नाही, म्हणून एकट्याने प्रत्येक काम एक पायरी आधी उरकायला हवं.

हा लेख एका माणसासाठी, एका साध्या गाडीसाठी आणि जून ते सप्टेंबरअखेरच्या काळासाठी आहे. उदाहरणाला दोन पार्कं घेतली आहेत: टाक्वामेनॉन फॉल्स आणि पॉर्क्युपाइन माउंटन्स. डेट्रॉइटकडून निघालात तर दोन्ही मॅकिनॉ पुलाच्या पलीकडे आहेत.

१. ‘रस्टिक’ म्हणजे काय ते बुकिंगच्या आधी वाचा

मिशिगनच्या पार्कांत ‘मॉडर्न’ म्हणजे वीज, फ्लशचे संडास आणि शॉवर. ‘रस्टिक’मध्ये यातलं काहीच नसतं. खड्ड्यावर बांधलेला संडास असतो, पाणी बहुधा हापशाचं, आणि साइटवर एक टेबल व शेकोटीचं लोखंडी कडं. पहिल्यांदाच जाणारे लोक हा शब्द ‘निसर्गरम्य’ अशा अर्थी वाचतात आणि फोन चार्ज करायला प्लग कुठे आहे ते शोधत फिरतात.

दुसरा गोंधळ पार्कच्या नावाने होतो. एका नावाच्या पार्कात दोन-तीन कॅम्पग्राउंडं असतात आणि ती एकमेकांपासून लांब असतात. टाक्वामेनॉनचं रिव्हरमाउथ हे नदी सुपीरियर सरोवराला मिळते तिथे, पॅराडाइज गावाच्या दक्षिणेला आहे. धबधबे गावाच्या पश्चिमेला आहेत. रिव्हरमाउथला साइट घेऊन ‘चालत धबधब्यावर जाऊ’ असं ठरवलेलं असेल, तर ते जमणार नाही. पॉर्क्युपाइन माउंटन्समध्ये तर युनियन बे पूर्व टोकाला आणि रस्टिक असलेलं प्रेस्क आइल पश्चिम टोकाला आहे. दोन्हींच्या मधला साउथ बाउंड्री रोड सुमारे २५ मैलांचा आहे.

आणखी एक बारकावा. विस्कॉन्सिनला लागून असलेले मिशिगनचे चार काउंटी सेंट्रल वेळ पाळतात, बाकीचं राज्य ईस्टर्न, म्हणजे एक तास पुढे. प्रेस्क आइल गोगेबिक काउंटीत येतं, म्हणजे तिथे सेंट्रल वेळ. त्याच पार्कचं मुख्य ठाणं ऑन्टोनॅगन काउंटीत, तिथे ईस्टर्न. फोनवरचं घड्याळ टॉवरप्रमाणे पुढे-मागे उडी मारतं. मनगटावर साधं घड्याळ ठेवा आणि चेक-आउटची वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

तपासा: बुकिंगच्या पानावर पार्कचं नाव वाचून थांबू नका. कॅम्पग्राउंडचं नाव, प्रकार, आणि पाणी व संडास त्या वर्षी चालू आहेत का, एवढं वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

२. मार्ग आखताना मुक्काम कमी ठेवा

सात दिवसांत सहा पार्कं असा बेत मला दरवर्षी कुणीतरी पाठवतं. एकट्याने टेंट उभारून सामान लावायला दीड तास आणि सकाळी ते सगळं आवरायला दीड तास लागतो. रोज जागा बदललीत तर दिवसाचे तीन तास यातच जातात, आणि वर गाडी चालवण्याचा थकवा. आठवड्यासाठी दोन जागा पुरतात. दोन रात्री टाक्वामेनॉन, तीन रात्री पॉर्क्युपाइन, आणि परतीची एक रात्र मोटेलमध्ये. त्या मोटेलची लाज वाटून घेऊ नका. सहा दिवसांनी अंघोळ करून पलंगावर झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी पाचशे मैल जास्त सावधपणे चालवतो.

पोहोचण्याची वेळ सूर्यास्तावरून मागे मोजा: सूर्यास्ताच्या तीन तास आधी साइटवर. जूनमध्ये पश्चिमेकडच्या भागात साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे चूक खपून जाते. सप्टेंबरअखेर आठच्या आत सूर्य बुडतो, तेव्हा खपत नाही. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात हे दुसरं कारण.

इशारा: पुलापलीकडे पेट्रोल पंप विरळ आहेत आणि फोनची रेंज तर त्याहून विरळ. टाकी निम्मी झाली की भरायची, पुढच्या गावाची वाट पाहायची नाही. नकाशे घरच्या वायफायवर उतरवून घ्या आणि एक कागदी नकाशाही ठेवा.

३. बुकिंग, पास आणि घरी ठेवायचा कागद

स्टेट पार्कच्या साइट सहा महिने आधी खुल्या होतात. १० जुलैची साइट हवी असेल तर १० जानेवारीला सकाळी बसायचं. शनिवार-रविवार टाळले तर एकट्याला उशिराही काहीतरी मिळतं. स्टेट फॉरेस्ट कॅम्पग्राउंडं वेगळी. ती जवळजवळ सगळी रस्टिकच आहेत आणि बरीचशी अजूनही आधी येईल त्याला मिळतात. पैसे पाकिटात घालून पेटीत टाकायचे असतात, म्हणून सुट्या डॉलरच्या नोटा जवळ हव्यात.

साइटच्या भाड्यात गाडीचा प्रवेश धरलेला नसतो. त्यासाठी रेक्रिएशन पासपोर्ट लागतो. मिशिगनची नंबरप्लेट असेल तर तो प्लेटच्या नूतनीकरणाच्या वेळी घेता येतो आणि स्टिकरवर ‘पी’ अक्षर छापून येतं. परराज्यातली गाडी असेल तर पास वेगळा घ्यावा लागतो. भाड्याची गाडी असेल तर स्टिकर पाहून घ्या. हा पास पिक्चर्ड रॉक्ससारख्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या जागांवर चालत नाही.

कागदावर लिहायचं ते असं: कुठल्या रात्री कुठलं कॅम्पग्राउंड, साइट नंबर, गाडीचा नंबर, त्या काउंटीच्या शेरीफचा फोन, आणि ‘अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर फोन करा’ ही ओळ. हा कागद अमेरिकेतल्या माणसाकडे द्या. पुण्यातल्या आईला दिलात तर तिची रात्रीची झोप जाईल आणि तिथून तिला काही करताही येणार नाही. आईला फक्त ‘दोन दिवस रेंज नसेल’ एवढं आधी सांगून ठेवा.

४. घरामागे सराव, तोही दोनदा

नवा टेंट पहिल्यांदा जंगलात उघडू नका. घरामागच्या हिरवळीवर किंवा जवळच्या बागेत एकट्यानेच उभारा. कुणी मदतीला आलं तर नको म्हणा, कारण जे दोघांच्या चार हातांनी जमतं तेच तुम्हाला दोन हातांनी करायचं आहे. एकट्याची युक्ती अशी: आधी तळाच्या दोन कोपऱ्यांच्या खुंट्या वाऱ्याच्या बाजूला ठोका आणि मगच पोल घाला. नाहीतर पोल घातलेला टेंट वाऱ्याने उचलला जातो.

दुसरा सराव अंधारात, फक्त हेडलॅम्पवर करा. त्यात दोन गोष्टी कळतात. एक, रेनफ्लायची, म्हणजे टेंटवर घालायच्या पावसाच्या आवरणाची, कुठली बाजू दाराकडे येते. त्या कोपऱ्याला रंगीत दोरा बांधून टाका. दुसरी, टेंटसोबत आलेल्या बारीक खुंट्या किती कुचकामी असतात. सुपीरियरच्या काठच्या वाळूत त्या टिकत नाहीत. लांब आणि रुंद पात्याच्या सहा खुंट्या वेगळ्या विकत घ्या.

मग टेंटवर बागेच्या नळीने दहा मिनिटं पाणी मारा आणि आत जाऊन बसा. गळती इथेच सापडू द्या.

सर्वांत जास्त दिसणारी चूक: टेंटखाली अंथरलेली ताडपत्री बाहेर डोकावत ठेवणं. रेनफ्लायवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर पडतं आणि थेट तुमच्या पाठीखाली जमतं. ताडपत्री चारही बाजूंनी टेंटच्या तळाखाली दुमडलेली हवी. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली आणि पहाटे तीन वाजता भिजलेली झोपेची पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसले. तोपर्यंत मला वाटत होतं की मोठी ताडपत्री म्हणजे जास्त सुरक्षित.

५. झोपेचं सामान: इथे कंजुषी नको

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण एकट्याचा प्रवास बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी मोडतो तो रात्रभर कुडकुडल्यामुळे. जूनमध्येही सुपीरियरच्या काठावर रात्री तापमान ४० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे चार-पाच सेल्सियसपर्यंत उतरू शकतं. डेट्रॉइटमधलं ऐंशीचं ऊन पाहून सामान भरू नका.

स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे त्या तापमानात सैल पडून झोप लागेल. ‘लोअर लिमिट’ म्हणजे अंग आखडून रात्र निघेल. जाहिरातीत बहुधा दुसरा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तुम्ही कम्फर्टचा आकडा पाहा आणि तो अपेक्षित तापमानाहून दहा फॅरनहाइट खाली असेल अशी बॅग घ्या. थंडी लवकर वाजणाऱ्यांनी तर नक्कीच.

पण खरी थंडी खालून येते. बॅगेचा अंगाखालचा भाग दाबला जातो आणि दाबलेल्या भागात ऊब राहत नाही. त्यासाठी पॅड. पॅडवर ‘आर’ हा आकडा असतो, जितका जास्त तितका जमिनीचा गारवा कमी लागतो. उन्हाळ्याला तीन, सप्टेंबरअखेरीला चार किंवा जास्त. दोन पॅड एकावर एक ठेवले की आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे साध्या फोमच्या पॅडवर दुसरा पॅड हा स्वस्त उपाय आहे. पाहुण्यांसाठी घरात असलेली मोठी हवेची गादी आणू नका. तिच्यात रात्रभर थंड हवा फिरते आणि जाड असूनही ती गार पडते.

झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, पिशवीत बांधून ठेवलेले. दिवसभराचा घाम मुरलेल्या टीशर्टवर झोपू नका. लोकरीची टोपी आणि मोजे जुलैतही घ्या.

६. खाणं आणि गाडी भरणं

पहिल्या संध्याकाळी चूल पेटवायची नाही, असा नियम करा. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एखादं फळ. टेंट उभा झाल्यावर पाच मिनिटांत जेवण झालं पाहिजे.

पुढच्या दिवसांसाठी मोजून बांधलेल्या पुड्या. एका वेळचे तांदूळ-मूगडाळ, त्यातच हळद-मीठ. उपम्याचा रवा घरी भाजून, फोडणी घरीच घालून, गार करून डब्यात. हे आळसापोटी सांगत नाही. उघड्यावर केलेल्या हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास कपड्यांना, केसांना, टेंटच्या कापडाला लागतो आणि तुम्ही अस्वलांच्या रानात झोपणार आहात.

लहान कुकर न्यायचा असेल तर बुटका, रुंद बैठकीचा स्टोव्ह घ्या. गॅसच्या डबीवर बसणाऱ्या उंच बर्नरवर भरलेला कुकर कलंडतो. आणि वारा अडवायला त्या डबीभोवती पत्रा पूर्ण गुंडाळू नका. डबी तापते आणि फुटू शकते. विमानाने येऊन गाडी भाड्याने घेणार असाल तर गॅसची डबी आणि बेअर स्प्रे विमानात चालत नाहीत, उतरल्यावर घ्या.

लाकूड घरून नेऊ नका. ॲश झाडं पोखरणारा हिरवा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडला आणि त्याने कोट्यवधी झाडं मारली. तो लांबवर पसरला त्याचं एक मोठं कारण म्हणजे माणसांनी गाडीतून नेलेलं जळण. कॅम्पग्राउंडजवळ घ्या, तिथेच संपवा.

गाडी भरताना जे आधी लागेल ते शेवटी ठेवा. डिकी उघडल्यावर सगळ्यात वर टेंट, खुंट्या, हातोडी, हेडलॅम्प, रेनकोट, डासांचं औषध. पाऊस पडत असताना टेंटसाठी सगळं सामान बाहेर काढावं लागणं म्हणजे पुढचे तीन दिवस ओलं सामान.

७. पोहोचल्यावर पहिला तास

हा क्रम पाठ करा.

पहिलं, वर पाहा. टेंटच्या जागेवर वाळलेली फांदी किंवा मेलेलं झाड झुकलेलं असेल तर तिथे झोपायचं नाही. साइटवर दुसरी जागा नसेल तर साइट बदलून मागा. मेलेली ॲश आणि बीचची झाडं या भागात पुष्कळ आहेत, त्यामुळे ही औपचारिकता समजू नका.

दुसरं, खाली पाहा. सगळ्यांनी टेंट लावून लावून गुळगुळीत झालेली जागा बहुधा बशीसारखी खोलगट असते. आधीच्या पावसात पाणी कुठे साचलं होतं ते वाळलेल्या चिखलावरून आणि पानांच्या रेघांवरून कळतं. थोडी उताराची जागा चालेल, डोकं वरच्या बाजूला.

तिसरं, अंगावर डासांचं औषध. टेंट उभारताना दोन्ही हात अडकलेले असतात. मे-जूनमध्ये काळ्या माश्या असतात, तेव्हा डोक्यावरची जाळी हवीच. उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा सुटला की सुपीरियरच्या काठावर घोट्यांना चावणाऱ्या माश्या येतात. त्यांना औषध फारसं जुमानत नाही, लांब पँट आणि मोजेच कामाला येतात.

चौथं, टेंट. आभाळ कितीही निळं असलं तरी रेनफ्लाय आणि ताणदोऱ्या लगेच लावा. रात्री दोनला वारा सुटल्यावर त्या लावणं एकट्याला अवघड जातं.

पाचवं, पॅड आणि अंथरूण आत, दाराची चेन बंद.

सहावं, पाणी. हापशावर एकट्याची पंचाईत होते: एक हात दांड्याला, दुसरा भांड्याला, आणि घडीची पाण्याची पिशवी कलंडते. स्वतः उभं राहणारं, रुंद तोंडाचं भांडं न्या. सुरुवातीचं पाणी लालसर येऊ शकतं, पाच-सहा हापसे सोडून द्या. एका माणसाला पिणं, स्वयंपाक आणि भांडी धरून दिवसाला आठ लिटर धरा. पाणी पिऊ नये असा फलक असेल तर त्या पाण्याने भांडीसुद्धा धुऊ नका.

सातवं, संडास पाहून या, उजेडातच. वाट किती लांब, मुळं कुठे, दाराची कडी चालते का. आपला कागद, हात धुण्याचं द्रव आणि पाण्याची एक बाटली जवळ ठेवा. ओले वाइप्स खड्ड्यात टाकू नका.

मगच जेवण.

तपासा: खुर्चीत बसण्याआधी स्वतःला विचारा, आत्ता मुसळधार पाऊस आला तर काय काय भिजेल? उत्तर ‘काही नाही’ असेल तर बसा.

८. अस्वल आणि वास

इथली काळी अस्वलं माणसाला टाळतात, पण एकदा खाणं मिळालं की त्याच जागी पुन्हा येतात. अशा अस्वलाला बहुधा जीव गमवावा लागतो. म्हणून ही शिस्त जितकी तुमच्यासाठी तितकीच त्याच्यासाठी.

टेंटमध्ये खाणं न्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते ‘खाणं’ या शब्दाच्या व्याख्येत. टूथपेस्ट, खोबरेल तेल, लिप बाम, बडीशेपेची डबी, खोकल्याच्या गोळ्या, रिकामा चहाचा कप, कचऱ्याची पिशवी, स्वयंपाक करताना घातलेला टीशर्ट. हे सगळं झोपण्याआधी गाडीत, काचा पूर्ण वर आणि दारं लॉक. कूलर टेबलाखाली ठेवून चालत नाही. भांड्यांचं खरकटं पाणी साइटवर ओतू नका, गाळून शितं कचऱ्यात टाका.

इशारा: पाऊस आला म्हणून स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी टेंटमध्ये घ्यायची नाही, दाराच्या छपराखालीही नाही, ऊब यावी म्हणून तर कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाऊस लांबला तर दशमी खा.

९. एकट्याची रात्र

साइट निवडताना लोक एकांतासाठी टोकाची घेतात. पहिल्या प्रवासात ते नको. दुसऱ्या कुटुंबाचा कंदील दिसेल एवढ्या अंतरावरची घ्या. शेजाऱ्यांना एकदा नमस्कार करून या, पण ‘मी एकटीच आहे, तीन रात्री’ हे कुणालाही सांगण्याची गरज नाही. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा. किल्ली, हेडलॅम्प आणि चष्मा रोज एकाच जागी, उशीच्या उजवीकडच्या टेंटच्या खिशात. किल्लीवरचं लाल बटण दाबलं की भोंगा वाजतो, हे लक्षात असू द्या.

रात्री आवाज येतील. वाळक्या पानांवर खार चालली तरी एखादं मोठं जनावर चालल्यासारखं वाटतं. पहिल्या रात्री झोप तुटकच लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी लांबचा ट्रेक ठेवू नका.

वीज कडाडायला लागली तर टेंटमध्ये थांबू नका. गाडीत बसा, काचा बंद करून, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास.

शेकोटी झोपण्याच्या तासभर आधी विझवायला घ्या. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेजवळ उलटा हात धरून धग लागत नाही असं झालं की झालं.

इशारा: एकटे असताना सुपीरियरमध्ये पोहू नका, आणि प्रेस्क आइल नदीच्या धबधब्यांजवळ पाण्यात उतरू नका. पाणी ऑगस्टमध्येही बधिर करणारं असतं आणि प्रवाहाला जोर आहे.

१०. निघताना

उलट क्रमाने: आधी अंथरूण आतल्या आतच गुंडाळून गाडीत, मग टेंट. रेनफ्लाय सकाळी दवाने ओली असते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, आतल्या कोरड्या टेंटबरोबर गुंडाळू नका. दर मुक्कामाला गोचीड पाहा: गुडघ्यामागे, कमरेच्या इलॅस्टिकखाली, कानामागे, केसांत. सापडलं तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावणं किंवा काडी पेटवणं नको.

घरी पोहोचल्यावर कितीही दमला असलात तरी त्याच रात्री टेंट गॅरेजमध्ये दोरीवर टाका. दोन दिवस वाळू द्या, खुंट्या मोजून ठेवा, आणि एक कमी असेल तर लगेच मागवा.